उपवासाची खिचडी : नियमाचे वय आणि पदार्थांचे वय

आषाढी एकादशीच्या दिवशी महाराष्ट्रातील असंख्य घरांत साबुदाण्याची खिचडी शिजते. वडीलधारी मंडळी ती पूर्वापार चालत आलेली मानतात, आणि व्रताच्या चौकटीत बसणारा पदार्थ म्हणून तिला एक प्रकारचे पावित्र्यही लाभले आहे. परंतु तिच्या घटकद्रव्यांचा एकेक करून शोध घेतला, तर निराळेच चित्र समोर येते. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची ही चारही द्रव्ये आज ज्या वनस्पतींपासून मिळतात, त्या सर्व मूळच्या अमेरिका खंडातील होत. कोलंबसाची गलबते १४९२ साली त्या बाजूस पोहोचली. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला. तत्पूर्वी भारतातील कोणाही व्रतस्थाच्या पानात यांपैकी एकही वस्तू पडलेली नव्हती. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये पूर्ण झाली. त्या काळी एकादशी होती, पंढरीची वारी होती; ही खिचडी मात्र नव्हती. तिच्यातील जुनी म्हणावीत अशी द्रव्ये म्हणजे तूप, जिरे, मीठ आणि वरून पेरलेले ओले खोबरे, एवढीच काय ती.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. काय चालते व काय चालत नाही याविषयी ज्या आचारात एवढी काटेकोर दक्षता बाळगली जाते, त्याच आचारात हे परदेशी पदार्थ इतक्या निर्वेधपणे कसे शिरले? भात, गहू, तूर, मूग ही शतकानुशतकांची ओळखीची धान्ये दाराबाहेर राहिली आणि सातासमुद्रांपलीकडून आलेली कंदमुळे आत आली. या घटनेची उपपत्ती लावणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांची साक्ष घेऊ. नव्या वस्तूस समाज दोन रीतींनी नाव देतो : एक तर तिच्याबरोबर आलेले नाव स्वीकारतो, नाहीतर जुन्या ओळखीच्या वस्तूचे नाव तिला जोडतो. ‘बटाटा’ हा पहिल्या रीतीचा नमुना. हा शब्द पोर्तुगीज ‘बटाटा’वरून आला, आणि तो कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतील आहे. मौज अशी की, ताइनो भाषेत तो रताळ्याचा वाचक होता. रताळेही अमेरिकेतूनच आलेले. परंतु त्यास आपण एतद्देशीय कंदांच्या परंपरेतील नाव दिले, आणि रताळ्याचे मूळ नाव दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातून आलेल्या दुसऱ्याच कंदास चिकटले. हिंदीत बटाट्यास ‘आलू’ म्हणतात. तेथे ‘आलु’, ‘आलुक’ हा कंदवाचक जुना संस्कृत शब्दच नवागतास बहाल करण्यात आला.

‘मिरची’ हा दुसऱ्या रीतीचा नमुना होय. संस्कृत ‘मरिच’ म्हणजे मिरे. तिखटपणाच्या साधर्म्यामुळे मिऱ्याचे नाव मिरचीस मिळाले, आणि पुढे तिने स्वयंपाकातील मिऱ्याची जागाही बव्हंशी घेतली. अकबराच्या दरबारात सोळाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या ‘आइने अकबरी’तील पाककृतींत मिरे आहेत, मिरची नाही. ‘भुईमूग’ हा शब्द तर अधिकच बोलका आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या आणि जमिनीखाली शेंगा धरणाऱ्या या वनस्पतीस मराठी शेतकऱ्याने ‘जमिनीतला मूग’ म्हणून ओळखले.

साबुदाण्याचा इतिहास सर्वांत गुंतागुंतीचा आहे, कारण येथे नाव एका झाडाचे आणि वस्तू दुसऱ्याची. ‘साबू’ हे मलायी ‘सागू’ या शब्दाचे रूपांतर. मलाया व त्याच्या पूर्वेकडील बेटांत सागू नावाच्या ताडवर्गीय वृक्षाच्या बुंध्यातील गर धुऊन त्याचे पीठ काढीत आणि त्याचे दाणे बनवीत. पुढे तसेच दाणे कसाव्याच्या, म्हणजे टॅपिओकाच्या, कंदातील पिठापासून होऊ लागले. कसावा हे दक्षिण अमेरिकेतील झुडूप. पोर्तुगीजांच्या मार्फत ते मलबारात आले, आणि १८८० ते १८८५ या काळात त्रावणकोरच्या गादीवर असलेले विशाखम् तिरुनाळ महाराज यांनी गरिबांचे अन्न म्हणून त्याच्या लागवडीस उत्तेजन दिले. दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४२ मध्ये, सिंगापूर जपानच्या हाती पडले व पूर्वेकडून येणारा माल थांबला. त्यानंतर लवकरच तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात हा धंदा उभा राहिला. कंद सोलून, धुऊन किसावयाचे. त्यांतील पांढरे सत्त्व पाण्यात निवळू द्यावयाचे. ओलसर पीठ हालवून त्याचे गोल दाणे बनवावयाचे. ते तापलेल्या तव्यांवर किंचित भाजून उन्हात वाळवावयाचे, अशी ही प्रक्रिया आहे. आज महाराष्ट्रातील उपवास पुष्कळ अंशी सेलमकडच्या या कारखान्यांवर चालतो. म्हणजे खिचडीतील मुख्य द्रव्य नावाने मलायी, बीजाने अमेरिकन, उत्पादनाने तमिळ आणि आचाराने मराठी आहे.

राजगिऱ्याची कथा याहून विलक्षण आहे. माठाच्या कुळातील ही वनस्पती. पालेभाजीचा माठ आपल्याकडे जुना आहे. परंतु दाण्यांसाठी पेरल्या जाणाऱ्या जातींचे रानटी आप्त अमेरिकेत आढळतात, आणि वनस्पतिशास्त्रज्ञांचा कौल त्या जाती तिकडच्याच असल्याच्या बाजूने आहे. मेक्सिकोतील अॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती घडवीत व उत्सवाच्या शेवटी त्यांचे तुकडे प्रसादाप्रमाणे भक्षण करीत. १५२१ साली स्पॅनिश लोकांनी त्यांची राजधानी जिंकली. ख्रिस्ती धर्मोपदेशकांस हा विधी निषिद्ध वाटला, आणि त्या पिकाची पूर्वीची प्रतिष्ठा लयास गेली. जे धान्य आपल्या मायभूमीत धर्मकृत्यातून उठले, ते भारतात दुसऱ्या एका धर्माच्या व्रतात जाऊन बसले. आणि त्यास नाव मिळाले ते ‘राजगिरा’ असे भारदस्त!

आता नियमाकडे वळू. धर्मशास्त्रात ‘उपवास’ म्हणजे वस्तुतः निराहार. ज्यांस तो झेपत नाही त्यांच्यासाठी एकभक्त, म्हणजे दिवसातून एकदाच जेवणे; नक्त, म्हणजे रात्री जेवणे; आणि अयाचित, म्हणजे न मागता मिळेल तेवढेच खाणे, असे सौम्य प्रकार सांगितले आहेत. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्रेतिहासाच्या १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या पाचव्या खंडात व्रतांचा विस्तृत परामर्श घेतला आहे. निबंधग्रंथांत वारंवार येणाऱ्या एका वचनात व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी मोजल्या आहेत : पाणी, मुळे, फळे, दूध, हविर्द्रव्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने यांतील ‘मुळे’ आणि ‘फळे’ हे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. येथे वनस्पतींची यादी दिलेली नाही, वर्ग सांगितलेले आहेत. यादी बंद असते. वर्ग खुला असतो. शास्त्रकारांच्या डोळ्यांसमोर सुरण, कोनफळ, शिंगाडा असे पदार्थ असतील. पण बटाटा जेव्हा आला, तेव्हा तो ‘मूळ’ या वर्गात आपोआप जाऊन पडला. त्याच्यासाठी नवा नियम करावा लागला नाही, की जुना मोडावा लागला नाही.

निषेधाची बाजूही अशीच आहे. एकादशीस वर्ज्य ते ‘अन्न’, म्हणजे व्यवहारात धान्य व कडधान्य. नांगरल्यावाचून उगवणाऱ्या श्यामाक, नीवार इत्यादी तृणधान्यांस ऋषींचे अन्न म्हणून वेगळे स्थान होते. वऱ्याच्या तांदळास ‘तांदूळ’ म्हणत असूनही तो उपवासास चालतो, याचे बीज या जुन्या कल्पनेत दिसते.

हे वर्गीकरण वनस्पतिशास्त्राचे नव्हे, हेही ध्यानात घ्यावयास हवे. भुईमूग शास्त्रदृष्ट्या मुगाच्याच शिंबावंत कुळातील आहे, त्याच्या नावातही मूग आहे. तरी मूग वर्ज्य आणि भुईमूग ग्राह्य. बटाटा, मिरची, वांगे आणि टोमॅटो ही चारही एकाच कुळातील. त्यांपैकी बटाटा व मिरची चालतात, वांगे चालत नाही, आणि टोमॅटो पुष्कळ घरांत चालत नाही. शिवाय नवे म्हणून सर्वच चालले असेही नाही. मका अमेरिकेतलाच, पण त्याचे पीठ होते व भाकरी थापली जाते, म्हणून तो धान्याच्या पंक्तीस बसला आणि एकादशीस वर्ज्य ठरला. याउलट, ऋषिपंचमीस कसोटी बैलाच्या श्रमाची असते. त्या दिवशीच्या ऋषीच्या भाजीत अळू, सुरण, माठ या जुन्या मंडळींबरोबर मक्याचे कणीस आणि लाल भोपळा हे दोन अमेरिकन पाहुणे निःशंकपणे शिजतात. एकच मका एका व्रतात बाहेर राहतो व दुसऱ्यात आत येतो. यावरून असे दिसते की, लोकांनी पदार्थाच्या मूळ देशाचा विचार केला नाही. तो कशासारखा दिसतो, कसा शिजतो आणि नित्याच्या जेवणात कोणाची जागा घेतो, एवढेच पाहिले.

या दृष्टीने ‘खिचडी’ हे नावच मोठे सूचक आहे. मुळात खिचडी म्हणजे तांदूळ व मूग एकत्र शिजवून केलेला पदार्थ. १३३३ साली भारतात आलेल्या इब्न बतूताने तिचे असेच वर्णन केले आहे. तांदूळही वर्ज्य, मूगही वर्ज्य. म्हणजे खिचडी उपवासास दुहेरी निषिद्ध. परंतु तांदळाच्या जागी साबुदाण्याचा दाणा आला, मुगाच्या जागी भुईमुगाचा कूट आला, आणि जेवणाची आकृती कायम राखून तिच्यातील प्रत्येक निषिद्ध द्रव्य बदलले गेले. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण या चातुर्यास हसते खरी. पण तिच्यातच ही घडामोड समाजाच्या ध्यानात आल्याची कबुलीही आहे.

अभ्यासकाने यावरून काय घ्यावे? दोन घाईचे निष्कर्ष टाळले पाहिजेत. आजची उपवासाची यादी प्राचीन आहे, असे धरून जुन्या काळाचे चित्र रंगविणे हा पहिला. संतांच्या काळावरील कथा-कादंबऱ्यांत एकादशीच्या फराळास बटाटा येतो, तो या गृहीतामुळेच. यादीतील पदार्थ अर्वाचीन आहेत, म्हणून परंपराच बनावट आहे, असे म्हणणे हा दुसरा. आणि अलीकडे तो अधिक आकर्षक वाटू लागला आहे. दोहोंतही नियमाचे वय आणि पदार्थाचे वय यांची गल्लत होते. धान्यत्यागाचा नियम जुना आहे आणि पदार्थ नवे आहेत. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. किंबहुना, नियम वर्गांचा असल्यामुळे नव्या पदार्थांस सामावून घेऊ शकला, आणि सामावून घेऊ शकला म्हणूनच टिकला. परंपरेचे सातत्य तिच्या सामग्रीत शोधू नये, तिच्या विचारपद्धतीत शोधावे, असा याचा मथितार्थ आहे.

या विषयात काम करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी साधने दूर नाहीत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे यांनी जिलेबीचा आणि घोड्यांचे खाद्य म्हणून हरभऱ्याचा इतिहास कालनिर्णयाच्या शिस्तीने मांडून वाट घालून दिली आहे. देवस्थानांच्या खर्चाच्या वह्या, मुदपाकखान्याचे जमाखर्च, जुने कोश व पाकपुस्तके यांत एखादा पदार्थ प्रथम केव्हा येतो आणि उपवासाच्या सदरात प्रथम केव्हा येतो, या दोन तारखा वेगवेगळ्या नोंदवाव्यात. त्यांच्यामधील अंतर हाच त्या पदार्थाच्या स्वीकाराचा काळ होय. कोथिंबीर, टोमॅटो, भेंडी यांविषयी आजही घराघरांत एकमत नाही. जेथे मतभेद आहे तेथे वर्गीकरण अद्याप चालू आहे. आणि चालू असलेली प्रक्रिया ती संपण्यापूर्वी टिपून ठेवणे, हे इतिहासाच्या अभ्यासकास क्वचितच लाभणारे भाग्य आहे.