गिनीपिगच्या डोळ्यातलं कुसळ

पिंजऱ्यात गवत घालायला गेलं की एखाद्या संध्याकाळी दिसतं : गिनीपिगचा एक डोळा अर्धवट मिटलाय, खालची लव ओली होऊन चिकटलीये. घरातला पहिला अंदाज ठरलेला असतो, ‘डोळे आले असतील.’ लगेच दुसरं वाक्य येतं, ‘मागच्या वेळचे ड्रॉप्स आहेत ना शिल्लक, तेच घालू या.’ गवताच्या काडीने होते त्याहून मोठी हानी या दोन वाक्यांनी होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

डोळे येण्याची साथ गिनीपिगमध्येही असते. क्लॅमिडिया केव्हिए नावाचा जिवाणू मुख्यतः महिना-दोन महिन्यांच्या पिल्लांना त्रास देतो आणि बहुधा दोन्ही डोळे लाल होतात. मोठ्या, धडधाकट जनावराचा एकच डोळा अचानक पाणावला, तर आधी इजेचा संशय घ्यावा. या प्राण्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, चांगलेच बाहेर आलेले असतात. चहूकडचं दिसावं म्हणून ही रचना. पण हाच प्राणी दिवसभर गवताच्या ढिगात तोंड खुपसून बसतो, पापण्या फार कमी वेळा मिटतो, आणि त्याच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, स्पर्शाची जाणीवही बेताचीच असते. त्यामुळे काडी टोचायच्या आत डोळा मिटला जाईलच याचा भरवसा नाही.

आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास टेकड्यांवरचं गवत वाळतं आणि ताजं, फुकटचं म्हणून बरेच जण तेच कापून आणतात. त्यात कुसळी गवत असेल तर धोका मोठा. त्याच्या कुसळाला बारीक टोक असतं आणि मागची शेपटी हवेतल्या ओलाव्याने पिळते, सुटते, पुन्हा पिळते. बी जमिनीत शिरावं म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. पापणीखाली अडकलेलं कुसळ मात्र आत आत सरकतं आणि पापणी हलली की बुबुळ खरवडतं. गवत घालण्याआधी हाताने पिंजून पाहावं. कुसळं आणि जाड दांडे दिसले तर तो भारा बाद करावा.

‘दुखत असतं तर ओरडला असता.’ नाही. गिनीपिग हा शिकार होणारा प्राणी. दुखणं लपवणं हा त्याचा स्वभाव. डोळा बारीक करणं, उजेडाकडे पाठ करून कोपऱ्यात बसणं, फुगून बसणं, आवडीची कोथिंबीर समोर धरली तरी पुढे न येणं, हे त्याचं ओरडणं समजावं. काही तासांत बुबुळावर निळसर-पांढरी धूसर झाक येऊ शकते. ती पाहून कुणी म्हणतं मोतीबिंदू, कुणी म्हणतं फूल पडलं, आता डोळा गेला. कॉर्नियाचा वरचा थर फाटला की आत पाणी शिरतं आणि तो सुजून पांढुरका दिसतो, ती ही झाक. मोतीबिंदू बाहुलीच्या आत, भिंगात असतो आणि सहसा सावकाश वाढतो. वरवरचा ओरखडा असेल आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उपचार सुरू झाले, तर बऱ्याचदा आठवड्याच्या आत डोळा निवळतो. खोल जखम आणि जंतुसंसर्ग यांची गोष्ट वेगळी. म्हणून ‘दोन-चार दिवस वाट पाहू’ हा सल्ला इथे चालत नाही.

आता ते ड्रॉप्स. माणसांच्या डोळ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या अनेक थेंबांत प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइड मिसळलेलं असतं. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी काहीही लिहिलेलं दिसलं, तर ती बाटली जागच्या जागी ठेवावी. स्टेरॉइड लाली झटकन उतरवतं, म्हणून घरच्यांना बरं वाटतं. पण बुबुळावर जखम असेल तर तेच औषध जखम भरू देत नाही, जंतूंना मोकळं रान देतं, आणि जखम खोल जाऊन बुबुळ फुटूही शकतं. जखम आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. डॉक्टर फ्लुरोसीन नावाच्या नारिंगी रंगाची पट्टी ओली करून डोळ्याला लावतात, जादा रंग धुऊन टाकतात आणि खोलीतला दिवा मालवून निळा उजेड टाकतात. धड कॉर्नियावर रंग टिकत नाही. जिथे वरचा थर निघालेला असेल तिथे तो मुरतो आणि चकाकणारी हिरवी रेघ किंवा ठिपका दिसतो. सारी तपासणी काही मिनिटांची. पुढचं औषध त्या हिरव्या खुणेवर ठरतं. तपासताना घालतात ते बधिर करणारे थेंब मात्र घरी मागू नयेत. ते वारंवार घातले तर जखम भरायची थांबते.

पोटातून द्यायच्या औषधांबाबत तर आणखी कडक राहायला हवं. ‘कुत्र्याला चालतं ते याला चालेल’ हा समज गिनीपिगच्या जिवावर उठतो. पेनिसिलिनच्या कुळातली अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, तसंच क्लिंडामायसिन यांसारखी औषधं तोंडावाटे गेली की त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम नावाचे घातक जिवाणू माजतात आणि त्यांच्या विषाने काही दिवसांत जनावर दगावतं. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये शास्त्रज्ञ फ्लोरी यांनी पेनिसिलिनची पहिली महत्त्वाची चाचणी जीवघेणे जंतू टोचलेल्या आठ उंदरांवर घेतली. ज्या चौघांना औषध मिळालं नाही ते सकाळपर्यंत मेले होते. हीच चाचणी गिनीपिगवर झाली असती तर पेनिसिलिन विषारी म्हणून बाजूला पडलं असतं, असं नंतर अनेकदा म्हटलं गेलं. तेव्हा डॉक्टरांकडे गेल्यावर ‘हा गिनीपिग आहे, सशाचं किंवा मांजराचं औषध नको’ असं सांगायला संकोच करू नये. जमल्यास लहान सस्तन प्राण्यांवर नेहमी उपचार करणारे पशुवैद्य गाठावेत.

दवाखान्यात पोचेपर्यंत घरी करण्यासारखं थोडंच आहे. औषधाच्या दुकानात मिळणारं निर्जंतुक नॉर्मल सलाइन, ०.९ टक्क्यांचं, कोमट करून डोळ्याच्या कडेने हळू ओघळू द्यावं. सैल धूळ किंवा भुसा त्याने निघून जातो. पुसायला गॉझ वापरावं. कापसाचे तंतू डोळ्यात अडकतात. रुतलेली काडी दिसली तरी चिमट्याने ओढायची नाही. गुलाबपाणी, मध, हळद, तूप, बोरिक पावडर यांतलं काहीही डोळ्यात जाऊ नये.

काही गोष्टींना मात्र घाबरायचं कारण नसतं. अंग चाटून-पुसून साफ करताना गिनीपिगच्या डोळ्यातून दुधासारखा पातळ पांढरा थेंब येतो आणि तो पुढच्या पायांनी तोंडावर फिरवतो. तो पू नव्हे, त्याचं तोंड धुण्याचं पाणी आहे. डोळा लगेच स्वच्छ, टपोरा दिसला तर सारं ठीक. पापणीच्या कडा चिकटवणारी, पिवळट, वाळणारी चिपडं दिसली तर तो आजार समजावा.

आणि प्रत्येक पाणावलेल्या डोळ्याचं मूळ डोळ्यातच असतं असंही नाही. गिनीपिगचे दात जन्मभर वाढतात. वरच्या दाढांची मुळं डोळ्याच्या खोबणीकडे सरकली की डोळ्यातून सतत पाणी वाहतं, कधी डोळा बाहेर ढकलला जातो. शिवाय आपल्यासारखंच गिनीपिगलाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख या संशोधकांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं आणि त्यांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, झाला. या कमतरतेने डोळ्यांच्या कडांना खपल्या धरतात आणि जखमाही भरत नाहीत. रोज वजनाच्या किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. ढोबळी मिरची, कोथिंबीर, कधीमधी पेरूची फोड, यांतून त्याला हातभार लागतो. पाण्याच्या बाटलीत त्याचे थेंब टाकून भागत नाही, कारण ते तिथे लवकर नाश पावतं.

उपचार सुरू झाल्यावर घरच्यांचं सारं लक्ष डोळ्याकडे जातं आणि पोटाकडे दुर्लक्ष होतं. दुखणाऱ्या डोळ्याने तो जेवण सोडतो. अर्धा-एक दिवस पोट रिकामं राहिलं की आतडं थंडावतं, आणि ते दुखणं डोळ्यापेक्षा घातक. लेंड्या कमी झाल्या, बारीक झाल्या, तर त्याच दिवशी फोन करावा. भिजवून मऊ केलेला आहार सिरिंजने भरवायला डॉक्टरांकडून शिकून घ्यावं. डोळा खाजवू नये म्हणून गळ्यात घालतात तो शंकू शक्यतो नको. तो अडचणीचा ठरतोच, शिवाय स्वतःच्या मऊ लेंड्या खाणं ही गिनीपिगच्या पचनाची गरज आहे, ती शंकूने अडते. जोडीदारापासूनही, भांडण झालेलं नसेल तर, तोडू नये. थेंब घालताना टॉवेलात गुंडाळून छातीशी धरावं आणि मागून, बाहेरच्या कोपऱ्याकडून घालावं. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यावीत.

क्वचित डोळा वाचत नाही आणि तो काढावा लागतो. एका डोळ्याचा गिनीपिग हालात जगतो, असं वाटणं साहजिक आहे. पण तो वास, मिशा आणि कान यांच्या आधारावर पिंजरा ओळखतो, आणि वेदना संपल्यामुळे अनेकदा आधीपेक्षा नीट खाऊ लागतो. त्याच्या पाण्याची, गवताची, लपायच्या घराची जागा बदलू नये. उचलताना दिसत्या बाजूने यावं आणि आधी हाक मारावी.