कोयता थांबेल, खांदा सांभाळा

दिवाळी सरली की शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या उतरतात. बागाईतदार मंडळी, तुमच्याच फडातले दृश्य आठवा. दिवसभर कोयता, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. हात सारखा वर राहिला की खांद्यातले स्नायूंचे चिवट दोर हाडाखाली घासतात. धनुष्य ओढणाऱ्या तिरंदाजालाही हेच दुखणे जडते.

मग हात वर जात नाही, त्या कुशीवर निजवत नाही. असा गडी दिसला तर त्याला सांगा, ‘नस चढलीय’ म्हणून कुणाकडून झटका देऊन घेऊ नको. गोळीने दुखणे झाकते, फाटलेला दोर सांधत नाही. मोळी दुसऱ्याने उचलावी, याने वाढे बांधावेत. पण हात महिनाभर गळ्यात अडकवला तर सांधा आखडतो. पुढे वाकून तो लोंबता सोडावा, हळूहळू झुलवावा. पडल्यावर हात उचलेनाच, तर लगेच दवाखाना गाठावा.

नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाचा खांदा गेला की कमाई अर्धी, उचल मात्र पुरी फेडायची. म्हणून तर तो दुखणे लपवतो. मुकादमाशी तुम्हीच बोला, काही आठवडे हलके काम द्यायला लावा. ऊस तुमचाच तुटतोय ना?