गाडी घेण्याआधी ओझे मोजा

गोंडपिपरी तालुक्याच्या एका अंगाला वैनगंगा, दुसऱ्या अंगाला वर्धा. मधल्या पट्ट्यात धान, कापूस, सोयाबीन आणि मिरची. दिवाळीनंतर धान खळ्यावर आले की घरोघरी एकच बोलणे सुरू होते. भाड्याची गाडी वेळेवर मिळत नाही, मिळाली तर भाडे परवडत नाही, तेव्हा आपलीच एक पिकअप का घेऊ नये?

विचार वाईट नाही. पण बैलजोडी घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, बंडीला जुंपून चार पावले चालवून पाहतो. तिच्या कितीतरी पट किमतीची गाडी घेताना मात्र रंग पाहतो आणि शेजाऱ्याने कोणती घेतली ते विचारतो. शेतकरी बंधूंनो, इथेच घोटाळा होतो. भरवशाची गाडी म्हणजे जाहिरातीतली गाडी नव्हे. आपले ओझे आपल्या रस्त्यावरून नेईल आणि बिघडली तर जवळपास दुरुस्त होईल, ती भरवशाची.

ओझ्याचा हिशेब

या गाड्या आपल्याकडे टप्प्याटप्प्याने आल्या. महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. टाटांची ‘टाटा मोबाइल’ १९८८ साली आली. २००५ साली पाऊण टन माल नेणारी ‘टाटा एस’ निघाली, तिला लोकांनीच ‘छोटा हत्ती’ हे नाव दिले. २०११ साली अशोक लेलँडची ‘दोस्त’ आली. बोलेरो पिकअप तर आज गावोगाव दिसते. आता निवड भरपूर आहे, म्हणूनच हिशेब अधिक हवा.

प्रत्येक गाडीच्या आर.सी.वर दोन आकडे असतात : रिकाम्या गाडीचे वजन आणि भारासह एकूण वजन. दुसऱ्यातून पहिले वजा करा. उरते तेवढेच ओझे कायद्याने नेता येते, आणि चालक व सोबतचा माणूसही त्यातच धरायचा.

उदाहरण घेऊ. पाच एकर धान आहे आणि एकरी पंधरा क्विंटल पिकले असे समजा. एकूण ७५ क्विंटल. सरकारी खरेदीच्या बारदानात ४० किलो भरतात, म्हणजे सुमारे १८८ पोती. ७५० किलोच्या गाडीत दोन माणसांचे १३० किलो वजा जाता १५ पोती बसतात, म्हणून १३ खेपा होतील. १,७०० किलोच्या पिकअपमध्ये ३९ पोती बसतात, ५ खेपांत काम होईल. पण ज्याला रोज पहाटे पाच-सहा क्विंटल भाजी बाजारात न्यायची आहे, त्याला मोठी गाडी म्हणजे रिकाम्या हौद्यासाठी डिझेल जाळणे.

माल दोन तऱ्हेचा असतो हेही ध्यानात घ्या. कापूस, तणस, वाळली मिरची यांनी हौदा आधी भरतो आणि वजन मागे राहते. त्यांना लांब हौदा हवा. धान, खत, सिमेंट, विटा यांचे उलटे. हौदा अर्धा दिसतो तोच वजनाची मर्यादा ओलांडलेली असते. युरियाची गोणी ४५ किलोची, सिमेंटची ५० किलोची. गोण्या मोजून भरा, डोळ्यांनी अंदाज करू नका.

पांदण आणि चिखल

डांबरी रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या चालतात. खरी परीक्षा पांदणीत होते. तेव्हा गाडीचे पोट जमिनीपासून किती उंच आहे ते पाहा. मागचे कमानपाटे किती आणि कसे आहेत ते वाकून पाहा. टायर अरुंद असतील तर काळ्या मातीत रुततील. काही पिकअपमध्ये चारही चाकांना जोर देण्याची सोय असते. ती महाग पडते, डिझेलही थोडे जास्त खाते. पावसाळ्यातही रोज शेतातून माल काढायचा असेल तरच ती घ्यावी.

गाडी घेण्यापूर्वी विक्रेत्याकडे हट्ट धरा की भरल्या गाडीची फेरी आम्हाला मारू द्या. रिकामी गाडी घोड्यासारखी पळते. भरल्यावर चढाला दम किती, उताराला ब्रेक कसा, हे कळले पाहिजे.

ओढणे हे ट्रॅक्टरचे काम

पिकअपला मागे ट्रॉली जोडली तर ट्रॅक्टर वाचेल, असे काही जणांना वाटते. तसे करू नये. ट्रॅक्टरची चाके मोठी, गिअर संथ, सगळी ताकद ओढण्यासाठी. पिकअपची रचना ओझे पाठीवर घेण्यासाठी आहे. तिला ओढायला लावले की क्लच प्लेट जळते, आणि उतारावर मागची ट्रॉलीच गाडीला ढकलते. शिवाय ट्रॉलीची नोंदणी वेगळी लागते. बंद पडलेली गाडी ओढून न्यायची वेळ आलीच, तर दोन गाड्यांमधले अंतर ५ मीटरपेक्षा जास्त ठेवू नये आणि अगदी सावकाश न्यावी.

मिस्त्री किती दूर?

एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या ‘भारत स्टेज ६’ या प्रमाणाच्या आहेत. धूर कमी, पण त्यांत सेन्सर आणि संगणक आले. जुन्या गाडीचा आजार गावचा मिस्त्री कानाने ओळखी, नवीला यंत्र लावून पाहावे लागते. गोंडपिपरीहून चंद्रपूर पन्नास-साठ किलोमीटर. ऐन हंगामात गाडी तिथे चार दिवस अडकली तर धान उघड्यावर राहते. म्हणून ज्या गाडीचे सुटे भाग आणि जाणता कारागीर सर्वांत जवळ, ती गाडी दोन पैसे महाग असली तरी स्वस्त समजा.

हप्ता बारा महिने, हंगाम दोन

समजा हप्ता महिना १५,००० रुपये आहे. वर्षाचे १,८०,००० झाले. त्यावर विमा, टायर, डिझेल आणि चालकाचा पगार. धानाचे दिवस मात्र दीड-दोन महिन्यांचे. उरलेले दहा महिने गाडी काय कमावणार हे कागदावर लिहा, घरधनिणीसमोर बसून लिहा. घरखर्चाचा खरा आकडा तिलाच ठाऊक असतो. उत्तर सापडत नसेल तर भाड्याची गाडीच बरी, किंवा दोघा-तिघा भावांनी मिळून घ्यावी.

जुनी घेणाऱ्यांनी आर.सी.वर बँकेचा बोजा आहे का ते आधी पाहावे. असल्यास बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र लागते, तेही तपासावे. भारासह एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचे परमिट लागत नाही. ७,५०० किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

माणसे म्हणजे ओझे नव्हे

आता सर्वांत महत्त्वाचे. मिरची तोडायला आपल्या भागातून बायाबापड्या तेलंगणात जातात. पिकअप दारात असली की कोणी तरी म्हणतेच, पंचवीस जण बसव, जाता-येता भाडे मिळेल. मोहात पडू नका. मालगाडीच्या हौद्यात माणसे नेण्यास कायद्याने मनाई आहे. १९९४ च्या दुरुस्तीने मालासोबत जाणाऱ्या मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला विम्याचे संरक्षण मिळाले. इतर उतारूंची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. म्हणजे गाडी उलटली तर भरपाईचा भार गाडीमालकावर येऊ शकतो. त्यात शेत जाईल, आणि गेलेला जीव तर कशानेच परत येणार नाही.

जादा वजनाचेही तसेच. २०१९ च्या दुरुस्तीनुसार त्याला २०,००० रुपये आणि वर दर जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. आपला भाग जंगलाचा. वाहतूक पासाशिवाय सागाचे लाकूड गाडीत सापडले तर वनखाते गाडी जप्त करते, ती सरकारजमाही होऊ शकते. तेव्हा गाडी भाड्याने देताना आत काय भरणार ते विचारा, पास स्वतः पाहा आणि चालकालाही तशी ताकीद द्या.

पिकअप घरी येणे ही आनंदाची गोष्ट आहे. हार घाला, नारळ फोडा. पण त्याआधी एक रात्र कंदिलाशेजारी म्हणा की विजेच्या दिव्याखाली, वही घेऊन बसा. ओझे किती, रस्ता कसा, मिस्त्री कुठे, हप्ता कशातून, हे चार प्रश्न लिहा. चारही उत्तरे मनासारखी आली, तर गाडी जरूर घ्या. एक जरी अडले, तर पुढच्या हंगामापर्यंत थांबा. विक्रेता कुठे जात नाही, शेत मात्र एकदा गेले की परत येत नाही.