उमेदवाराची मिळकत आणि मोंढ्यातले परीक्षक

विधानसभेचा उमेदवार आपला अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या पुढ्यात ठेवतो तेव्हा त्या अर्जास नमुना क्रमांक २६ नावाचे एक शपथपत्र जोडलेले असते. त्यात त्याच्यावरील फौजदारी खटले, त्याचे शिक्षण, कुटुंबाची स्थावर-जंगम मिळकत आणि देणी यांचा तपशील तर असतोच; शिवाय २६ फेब्रुवारी २०१९ रोजी केंद्र सरकारने त्या नमुन्यात जी दुरुस्ती केली तिच्यामुळे त्याने स्वतः, त्याच्या पत्नीने, एकत्र हिंदू कुटुंबाने आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आप्तांनी मागील पाच आर्थिक वर्षांत आयकर विवरणपत्रात दाखविलेले एकूण उत्पन्नही वर्षवार लिहावे लागते. हे कागद गुप्त नसतात. गंगापूर तालुक्यातील लासूर स्टेशनच्या मतदाराने मनात आणले, तर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर, हातातल्या मोबाइलवरच, ते त्याला वाचता येतात. वाचून त्यास उमगते काय, हा प्रश्न मात्र निराळा आहे.

हा हक्क कोणी राजीखुशीने दिलेला नाही. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील काही प्राध्यापकांनी १९९९ साली असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था स्थापून दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २ मे २००२ रोजी, मतदारास उमेदवाराची माहिती मिळणे हे त्याच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचेच अंग आहे, असा निर्णय झाला. एरवी ज्यांचे कशावरही एकमत होत नाही असे पक्ष या निर्णयानंतर अवघ्या काही आठवड्यांत एकवटले, आणि न्यायालयाने काहीही सांगितले असले तरी कायद्यात नसलेली माहिती देण्यास उमेदवार बांधील नाही, अशा अर्थाचे ३३-ख हे कलम लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात घालून मोकळे झाले. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरविले. राज्यकर्त्यांची ती तत्परता दुष्काळाच्या आणेवारीतही दिसती तर मराठवाड्याचे बरेच भले झाले असते.

आता त्या पाच आकड्यांकडे वळू. विवरणपत्रातील ‘एकूण उत्पन्न’ म्हणजे करपात्र गणनेत येणारे उत्पन्न. शेतीचे उत्पन्न आयकर कायद्याने त्यातून वगळलेले, कारण शेती-उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार राज्यघटनेने केंद्राकडे न ठेवता राज्यांकडे सोपविला. म्हणजे जो उमेदवार आपल्या उत्पन्नाचे साधन म्हणून ‘शेती व व्यापार’ असे लिहितो, त्याच्या शेतीचा एक छदामही त्या पाच आकड्यांत उतरलेला नसतो. (काही जण ‘शेती व समाजसेवा’ असेही लिहितात, समाजसेवेचे उत्पन्न कोणत्या सदराखाली पडते हे एखाद्या चार्टर्ड अकाउंटंटलाच विचारावे.) पाच वर्षांत आकडा दोन लाखांवर स्थिर आणि मिळकतीच्या रकान्यात मात्र जमिनी, गाळे, वाहने वाढलेली, असे दिसले तर ‘बाकीचे शेतीतून आले’ हे उत्तर तयारच असते, आणि शपथपत्र त्यापुढे मुके होते.

मूळ विवरणपत्र तसे मुके नसते. करमुक्त उत्पन्नासाठी त्यात स्वतंत्र परिशिष्ट असून, शेतीचे निव्वळ उत्पन्न पाच लाखांहून अधिक दाखवावयाचे असेल तर जमीन कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या पिनकोडात, किती एकर, स्वमालकीची की खंडाने घेतलेली, आणि बागायत की जिरायत, एवढे सारे तेथे भरून द्यावे लागते. शपथपत्रातील मालमत्तेच्या तपशिलात गट क्रमांक आणि क्षेत्र येते. पण त्या क्षेत्रातून किती उत्पन्न काढल्याचे करदात्याने सरकारास सांगितले आहे, हे फक्त विवरणपत्रातच असते. ही दोन कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवल्याखेरीज पडताळा होत नाही.

आणि हा पडताळा घेण्यास लासूर स्टेशनच्या मोंढ्याइतकी योग्य जागा दुसरी नसेल. मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे येणाऱ्या निजामकालीन लोहमार्गावरचे हे ठिकाण कांद्याच्या लिलावासाठी आणि कापसाच्या खरेदीसाठी पंचक्रोशीत ओळखले जाते. येथल्या आडतीवर हिशेबपट्टी हातात घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला हमाली, तोलाई आणि वाहतूक वजा जाता काय उरते हे तोंडपाठ असते. जिरायत रानात एकरी चार-पाच क्विंटल कापूस उतरला तरी हंगाम बरा गेला असे तो म्हणतो. त्याच्यापुढे कोणी वीस एकर जिरायतीतून वर्षाकाठी ऐंशी लाखांचे निव्वळ उत्पन्न मांडले, तर त्याला लेखापरीक्षकाची गरज पडणार नाही. आयकर खात्याच्या अधिकाऱ्याला आकडा कळतो, पण त्या शिवाराची माती, विहिरीचे पाणी आणि त्या साली पडलेला भाव ज्याला ठाऊक आहे असा परीक्षक त्या खात्याकडे नाही. विवरणपत्रे जाहीर व्हावीत असे मला वाटते ते मुख्यतः याच कारणासाठी.

याविरुद्ध आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. विवरणपत्रातील तपशील ही खासगी बाब असून व्यापक जनहित असल्याखेरीज ती माहितीच्या अधिकाराखाली देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात ठरविले; ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातूनच वर गेले होते. पुढे एप्रिल २०२४ मध्ये अरुणाचल प्रदेशातील एका आमदाराच्या प्रकरणात, उमेदवाराने आपली प्रत्येक चीजवस्तू मतदारापुढे मांडलीच पाहिजे असे नाही, असेही न्यायालय म्हणाले. परंतु पहिल्या प्रकरणात ज्याची माहिती मागितली गेली तो माणूस सरकारी नोकर होता. त्याने कोणापुढे मत मागितले नव्हते. उमेदवारी ही स्वेच्छेची गोष्ट आहे. बँक खात्याचा क्रमांक, घरचा पत्ता, भागीदाराचे नाव हे झाकून बाकीचे विवरणपत्र प्रसिद्ध केल्याने कोणाच्या अब्रूस धक्का लागेल असे दिसत नाही. व्यवसायातील परक्या भागीदाराचा हिशेब मात्र झाकलेलाच राहिला पाहिजे.

कागद बंद ठेवल्याने खासगीपण राखले जाते, हेही अर्धसत्यच आहे. तो सरकारला उघडा आणि मतदाराला बंद राहतो, एवढेच. आपल्या निवडणूक शपथपत्रांसंबंधी आयकर खात्याची नोटीस आल्याचे शरद पवार यांनी सप्टेंबर २०२० मध्ये स्वतःच पत्रकारांना सांगितले, तेव्हा नोटीस योग्य की सूडाची यावर दोन्ही बाजूंनी रण माजले, आणि निर्णय करण्यास लागणारा एकही कागद सामान्य वाचकापाशी नव्हता. अमेरिकेत अध्यक्षांनी विवरणपत्रे प्रसिद्ध करण्याचा प्रघात कायद्याने नव्हे, तर निक्सन यांच्यावरील संशयाने पडला. डिसेंबर १९७३ मध्ये त्यांनी ती खुली केली, आणि तपासणीअंती सुमारे पावणेपाच लाख डॉलर कर व व्याज त्यांच्याकडून येणे निघाले. तो प्रघात होता म्हणूनच २०१६ साली ट्रम्प यांना तो मोडताही आला. नॉर्वेत तर साध्या नागरिकाचेही उत्पन्न व कर यांची यादी सरकार दरवर्षी खुली करते; तितके दूर जाण्याचे आपल्याला कारण नाही.

खोटे शपथपत्र दिल्यास लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याच्या १२५-क कलमाने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. निर्णय अधिकारी मात्र छाननीच्या वेळी रकाना कोरा आहे की भरलेला एवढेच पाहू शकतो. भरलेले खरे की खोटे हे ठरविण्याची मुखत्यारी त्याच्याकडे नाही, तक्रारदाराने न्यायालयात जावे. तक्रारीस आधार हवा आणि आधारासाठी कागद. नमुना २६ हा १९६१च्या निवडणूक नियमांना जोडलेला असल्याने त्यात ‘विवरणपत्राची प्रत सोबत जोडावी’ एवढे वाक्य घालण्यास संसदेत विधेयक आणावे लागत नाही. २०१९ची दुरुस्ती झाली तशी राजपत्रातील अधिसूचना पुरते, आणि ग्रामपंचायत ते जिल्हा परिषद या निवडणुकांसाठी तसा आदेश काढण्याचे काम मुंबईतील राज्य निवडणूक आयोगाचे आहे.