कॉर्न स्नेकच्या पिल्लांची वाढ : घाई नको, नोंद हवी

कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंत पाइनच्या रानात, पडीक शेतात, धान्याच्या कोठारांत तो उंदरांच्या मागावर असतो. शांत स्वभाव आणि पाठीवरचे तांबडे-नारिंगी ठिपके यांमुळे अमेरिकेत आणि युरोपात तो हौसेने पाळला जातो. अंड्यातून बाहेर पडताना पिल्लू २० ते ३० सेंटीमीटर लांब आणि जेमतेम ५ ते ८ ग्रॅम वजनाचे असते. पूर्ण वाढलेला साप बहुधा ९० ते १५० सेंटीमीटरपर्यंत पोहोचतो. ही मजल प्रत्येक पिल्लू आपापल्या वेगाने मारते. हा फरक पाहून पाळणारे घाबरतात, आणि घाबरून केलेले उपायच पुष्कळदा पिल्लाला बाधतात. म्हणून नेहमीचे काही गैरसमज नीट तपासून पाहायला हवेत.

गैरसमज : एकाच वेळच्या अंड्यांतली पिल्ले सारखीच वाढायला हवीत.

वस्तुस्थिती : मादी एका वेळी साधारण १० ते ३० अंडी घालते आणि ती सगळी एका आकाराची नसतात. मोठ्या अंड्यातले पिल्लू मुळातच थोडे मोठे निघते. त्याहून मोठा फरक पहिल्या घासाने पडतो. जन्मानंतर आठ-दहा दिवसांनी पिल्लू पहिली कात टाकते आणि मग खायला तयार होते. निसर्गात या वयात त्याचे भक्ष्य म्हणजे छोटे सरडे आणि झाडावरचे बेडूक. त्यामुळे उंदराचे नवजात पिल्लू समोर ठेवले, तर काही पिल्ले ते लगेच गिळतात आणि काही कित्येक आठवडे तोंड फिरवतात. अशा हट्टी पिल्लांसाठी अनुभवी पैदासकार उंदराला सरड्याचा वास लावतात. उशिरा खाऊ लागलेले पिल्लू वर्षभराने भावंडांच्या निम्म्या वजनाचे दिसले, तरी ते ठणठणीत असू शकते.

सुरुवातीचा हा फरक पुढेही टिकू शकतो. ऑस्ट्रेलियातल्या रानटी वॉटर पायथनांवर थॉमस मॅडसन आणि रिचर्ड शाइन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की जन्माच्या वर्षी ज्यांना भरपूर भक्ष्य मिळाले ते पुढच्या वर्षांतही अधिक वेगाने वाढले. ती जात वेगळी आहे. पण सापांच्या वाढीत पहिल्या वर्षाला किती महत्त्व असते, हे त्यातून कळते.

गैरसमज : पेटी लहान ठेवली की साप लहानच राहतो.

वस्तुस्थिती : सापाची वाढ अन्न, उष्णता, आरोग्य आणि आनुवंशिकता ठरवतात; पेटीच्या भिंती नाहीत. अरुंद जागेतही साप वाढतो, फक्त त्याला नीट पसरता येत नाही आणि स्नायूंना व्यायाम मिळत नाही. उलट, नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला लपायला जागा नसलेली मोठी, मोकळी पेटी दिली, तर ते बिचकते आणि खाणे सोडते. लपण्याच्या जागा पुरेशा असतील, तर पेटी मोठी असण्यात काहीच अपाय नाही.

गैरसमज : जास्त खाऊ घातले की साप लवकर मोठा आणि धडधाकट होतो.

वस्तुस्थिती : लवकर मोठा होतो, हे खरे. धडधाकट होतोच असे नाही. सापाच्या शरीराच्या जाडीएवढे किंवा किंचित मोठे भक्ष्य, पिल्लाला पाच ते सात दिवसांनी आणि मोठ्या सापाला दहा ते चौदा दिवसांनी, हे प्रमाण पुरते. सतत ठासून खाऊ घातलेल्या सापाच्या अंगात आणि यकृतात चरबी साठते. वजन भरले म्हणून कोवळ्या मादीची वीण घेतली, तर अंडी अडकून तिचा जीव जाऊ शकतो. फार मोठे भक्ष्य दिल्यास पिल्लू ते उलटून टाकते. उलटीनंतर किमान दहा दिवस पोटाला विश्रांती देऊन मग लहान भक्ष्य द्यावे लागते. वाढ लवकर व्हावी म्हणून केलेली घाई अशी वाढच मागे ढकलते.

गैरसमज : नियमित खातो, मग वाढ व्हायलाच हवी.

वस्तुस्थिती : साप शरीराची उष्णता स्वतः निर्माण करत नाही, अन्न पचवण्यासाठी ती बाहेरून घेतो. पेटीची एक बाजू २८ ते ३१ अंश सेल्सिअस आणि दुसरी २२ ते २४ अंशांच्या आसपास असली, की तो गरजेप्रमाणे जागा बदलतो. उबदार बाजूच गार राहिली, तर पोटातले अन्न नीट पचत नाही. म्हणून वाढ मंद वाटली, की भक्ष्य वाढवण्याआधी तापमान मोजावे. खाल्ल्यानंतर दोन दिवस पिल्लाला हातात घेऊ नये.

गैरसमज : कातीची लांबी म्हणजे सापाची लांबी.

वस्तुस्थिती : कात निघताना ताणली जाते, त्यामुळे ती सापापेक्षा बरीच लांब भरते. वाढीचा भरवशाचा पुरावा म्हणजे वजन.

गैरसमज : हळू वाढणारे पिल्लू आजारीच असते.

वस्तुस्थिती : अंग गोल आणि घट्ट असेल, कात एकसंध निघत असेल, पिल्लू जीभ बाहेर काढत सावधपणे फिरत असेल आणि वजन थोडे थोडे चढत असेल, तर मंद वाढ ही त्याची स्वतःची चाल समजावी. काळजीची लक्षणे निराळी आहेत : वजन उतरत जाणे, पाठीचा कणा धारदार दिसू लागणे, वारंवार उलटी, तोंडाशी फेस, शरीराच्या मध्यावर टिकून राहणारी सूज. शेवटचे लक्षण क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीमुळेही उद्भवते आणि तो इतर सापांनाही लागतो. अशा वेळी सापांची माहिती असलेल्या पशुवैद्याला गाठावे. घरगुती प्रयोगात दिवस घालवू नयेत.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार नाग, धामण, अजगर असे आपल्याकडचे साप पकडून घरी ठेवणे गुन्हा आहे. परदेशातल्या सापांविषयी वाचून आपल्याकडच्या सापांवर प्रयोग करू नयेत.

ज्यांच्याकडे कॉर्न स्नेक आहे त्यांनी ग्रॅम दाखवणारा वजनकाटा आणि एक वही जवळ ठेवावी. आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी, खाऊ घालण्याआधी वजन करावे. भक्ष्य, कात आणि तापमान लिहून ठेवावे. मग पिल्लाची तुलना शेजाऱ्याच्या सापाशी न करता त्याच्याच मागच्या महिन्याशी करता येते. नीट सांभाळलेला कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षे जगतो. इतके आयुष्य असलेल्या जिवाला पहिल्याच वर्षी मोठे होण्याची घाई लावण्यात त्याचे कसलेही हित नाही.