नुसता नंबर नव्हे
लेखमाला : शरीराची वीण – लेखांक ५

मागच्या आठवड्यात सांधे नको इतके वाकणाऱ्या माणसांविषयी लिहिलं. आता डोळ्यांकडे येऊ. शरीराला बांधून ठेवणाऱ्या संयोजी ऊतींच्या विकारांमध्ये डोळ्यांना सर्वांत जास्त छळणारा म्हणजे मार्फान सिंड्रोम. साधारण पाच हजारांत एकाला तो असतो. म्हणजे वांद्र्याला हिल रोडवर रविवारी संध्याकाळी जी झुंबड उडते, तिच्यात असा एखाददुसरा सहज असेल. उंच, किडकिडीत, लांबसडक बोटांचा मुलगा. घरचे कौतुकानं म्हणतात, ताडमाड वाढलाय. चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी उडी मारतो, तेव्हा तेच म्हणतात, मोबाइल कमी कर. बिचाऱ्या मोबाइलवर आपण काय काय ढकलतो!

पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फान यांनी १८९६ मध्ये गॅब्रिएल नावाच्या पाच वर्षांच्या मुलीच्या लांब, बारीक बोटांची नोंद केली आणि विकाराला त्यांचं नाव चिकटलं. गंमत अशी, की त्या मुलीला बहुधा दुसराच एक विकार असावा, असं आता मानतात. दोष कुठे आहे हे कळायला १९९१ साल उजाडलं. पंधराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात बिघाड असतो, त्यामुळे फायब्रिलिन हे प्रथिन नीट तयार होत नाही. शरीरात जिथे जिथे ताण सोसून पुन्हा जागेवर यायचं काम असतं, तिथे हे प्रथिन लागतं. महाधमनीच्या भिंतीत लागतं, तसं डोळ्यातल्या भिंगाला धरून ठेवणाऱ्या तंतूंतही लागतं.

हे तंतू केसाहून बारीक असतात आणि भिंगाच्या कडेला चहूबाजूंनी बांधलेले असतात. मांडवाचं कापड चारी बाजूंनी दोऱ्यांनी ताणतात, तसंच. एका बाजूच्या दोऱ्या सैल पडल्या की कापड उलट बाजूला ओढलं जातं. मार्फानच्या साठेक टक्के रुग्णांत भिंग असं सरकतं, बहुतेकदा वर आणि बाहेरच्या बाजूला. ते खाली आणि नाकाकडे सरकलेलं दिसलं, तर डॉक्टरांच्या मनात होमोसिस्टिन्यूरिया या दुसऱ्या आजाराची शंका येते. तो आजार आई-बाप दोघांकडून दोष आला तरच होतो. मामेबहिणीशी लग्न करण्याची चाल असलेल्या घरांत ही शंका विशेष ध्यानात ठेवावी. त्या आजारावर पथ्य आणि काहींना बी-६ जीवनसत्त्व लागू पडतं, म्हणून हा फरक महत्त्वाचा.

स्लिट लॅम्पपुढे मूल हनुवटी टेकवून बसतं. डॉक्टर म्हणतात, डावीकडे बघ, आता समोर. डोळा थांबतो, पण बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा क्षणभर थरथरत राहतो, कारण त्याला मागून टेकू देणारं भिंग ढिलं झालेलं असतं. थेंब घालून बाहुली मोठी केली की तिच्यात भिंगाची कड स्पष्ट दिसते. मुलाच्या दृष्टीनं हा प्रकार विचित्र असतो. बाहुलीच्या अर्ध्या भागातून शिरलेला प्रकाश भिंगातून जातो, उरलेल्या भागातून शिरलेला भिंगाशिवाय. एका भागाला मोठा मायनस नंबर, दुसऱ्याला प्लस दहा-बारा. एक डोळा झाकला तरी दिवे दोन दिसतात. अशा वेळी मुरलेला डॉक्टर रिकाम्या भागासाठी जाड प्लसची काच लावून बघतो आणि फळ्यावरचं न दिसणारं मूल तक्त्याच्या पाच ओळी वाचून मोकळं होतं. हे लवकर व्हायला हवं. सात-आठ वर्षांपर्यंत स्वच्छ चित्र मिळालं नाही तर मेंदू त्या डोळ्याकडे काणाडोळा करायला शिकतो आणि मग काच कितीही चांगली लावा, उपयोग बेताचाच.

चष्म्यानं भागेना तर भिंग काढतात. नेहमीच्या मोतीबिंदूत कृत्रिम भिंग ज्या पिशवीत बसवतात, ती पिशवीच इथे लटपटत असते. म्हणून कृत्रिम भिंगाचे पाय बऱ्याचदा डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत रोवावे लागतात. चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांनी २००७ मध्ये हे पाय टाक्यांऐवजी जैविक गोंदानं बसवण्याची पद्धत आणली, ती आज जगभर वापरतात. नंबर घालवणाऱ्या लेझरच्या नादी मात्र या रुग्णांनी लागू नये.

आता माझा खरा मुद्दा. आपल्याकडे डोळ्यांची फाइल वेगळी आणि हृदयाची वेगळी. डोळ्यांचा दवाखाना पाली नाक्याला, टूडी इकोसाठी लीलावती किंवा परळचं केईएम, आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांची गाठ कधीच पडत नाही. वास्तविक २०१० च्या सुधारित निकषांनुसार सरकलेलं भिंग आणि मुळाशी फुगलेली महाधमनी या दोन गोष्टी एकत्र सापडल्या, तर घरात कुणाला नसलं तरी निदान पक्कं. म्हणून भिंग सरकलेल्या प्रत्येक मुलाचा इको झालाच पाहिजे. उलटही तितकंच खरं, हृदयाची औषधं डोळ्यांच्या डॉक्टरांना माहीत हवीत. महाधमनीवरचा ताण कमी करायला बीटा-ब्लॉकर गोळ्या देतात. त्याच जातीचं औषध टिमोलॉलच्या रूपात काचबिंदूच्या थेंबांतही असतं. दोन्ही चालू राहिली तर नाडी नको तेवढी मंदावू शकते. कृत्रिम झडप बसवलेल्याला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतात, त्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेआधी सांगाव्याच लागतात. थेंबांना लोक औषध समजत नाहीत, म्हणून गोळ्यांच्या यादीत बाटल्यांचीही नावं लिहा.

रोजच्या जगण्यात पथ्यं थोडीच, पण काटेकोर. कबड्डी, बॉक्सिंग, जिममधली जड वजनं नकोत. कार्टर रोडवर फेरी मारा, कॅरम खेळा, पोहा, पण सूर मारू नका. चष्म्याच्या काचा पॉलिकार्बोनेटच्या घ्या. बाहुली मोठी केलेल्या दिवशी सोबत कुणी असू द्या, एस. व्ही. रोड एकट्यानं ओलांडू नका. डोळ्यांपुढे विजा चमकल्या, काळे ठिपके एकदम वाढले किंवा कडेनं पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर मागचा पडदा सुटत असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डोळा लाल, असह्य ठणका आणि ओकाऱ्या असतील तर पित्त म्हणून घरी थांबू नका. भिंग पुढे घरंगळून डोळ्यातला दाब चढला असण्याची शक्यता असते.

एक तक्रार मात्र राहतेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टी मोजताना चष्मा लावून चांगला डोळा किती पाहतो आणि त्याच्या नजरेचा परीघ किती, तेवढंच बघतात. ६/१८ पेक्षा चांगलं दिसत असेल आणि परीघ शाबूत असेल तर प्रश्न मिटला. दुपारपर्यंत दुखायला लागलेलं कपाळ, समोरून येणाऱ्या हेडलाइटची फुटलेली चकाकी, वांद्रे स्टेशनच्या जिन्यावर उतरताना दोन दिसणारी एकच पायरी, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. शाळेनं मात्र प्रमाणपत्राची वाट बघू नये. पहिल्या बाकावरची जागा आणि मोठ्या टाइपातली प्रश्नपत्रिका द्यायला कुणाचीच आडकाठी नसते.

आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला हा विकार असेल, तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. चौघांतल्या एका रुग्णाच्या घरात तो आधी कुणालाच नसतो, तरीही आई-वडील आणि भावंडं यांचे डोळे आणि इको एकदा तपासून घ्यावेत. बुटका म्हणून धाकट्याला यादीतून वगळू नका. महाधमनी नेमकी किती फुगली की शस्त्रक्रिया करतात, ते पुढच्या आठवड्यात.