स्मृतिभ्रंश आणि आनुवंशिकता : आप्तांच्या एका प्रश्नाचे उत्तर

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला आमच्या रुग्णालयात घेऊन येणारे आप्त औषधोपचारांची चौकशी झाल्यावर बहुधा एक प्रश्न विचारतात : "हा आजार पुढे आम्हालाही होणार का?" काही कुटुंबे हा प्रश्न विचारण्याचेही टाळतात. घरातील आजार बाहेर कळल्यास मुलामुलींची लग्ने जमण्यात अडचण येईल, या धास्तीने रुग्णाला दाखविण्यासच विलंब होतो. म्हणून या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासमोर येथे मांडीत आहोत.

स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे अल्झायमरचा आजार. जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. या आजारात मेंदूच्या पेशींबाहेर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात आणि पेशींच्या आत टाऊ या प्रथिनाचे गुंते होतात. नव्या आठवणींची नोंद करणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाला इजा लवकर पोहोचते. त्यामुळे रुग्णाला बालपणीचे प्रसंग सांगता येतात. मात्र सकाळी काय खाल्ले, हे आठवत नाही.

या आजाराचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध दोन प्रकारचा आहे. पहिला प्रकार अत्यंत विरळ आहे. २१, १४ आणि १ या क्रमांकांच्या गुणसूत्रांवरील तीन जनुकांपैकी एकात विशिष्ट दोष असल्यास आजार बहुधा पासष्टीच्या आतच सुरू होतो आणि प्रत्येक अपत्यास तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. परंतु एकूण रुग्णांमध्ये असे रुग्ण शेकडा एकाहूनही कमी आहेत.

दुसरा प्रकार अधिक आढळतो, पण त्यात निश्चितता नाही, केवळ संभव आहे. १९ व्या गुणसूत्रावरील 'एपीओई' हे जनुक मेंदूत कोलेस्टेरॉल वाहून नेणारे प्रथिन घडविते. त्याचे ई-२, ई-३ आणि ई-४ असे तीन प्रकार असून आई आणि वडील यांच्याकडून प्रत्येकी एक मिळतो. ई-४ असल्यास अमायलॉइडचा निचरा मंदावतो व ते लवकर साचू लागते, हे १९९३ नंतरच्या संशोधनातून स्पष्ट झाले. युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासांत ई-४ ची एक प्रत असणाऱ्यांना धोका सुमारे तिप्पट, तर दोन प्रती असणाऱ्यांना आठ ते बारा पट आढळला. ई-२ मुळे धोका उलट घटतो. हरियाणातील बल्लभगड येथील ग्रामीण जनतेत ई-४ चे प्रमाण अमेरिकेतील तुलनेच्या गटापेक्षा कमी आढळले होते.

तथापि ई-४ असूनही अनेकांची स्मृती अखेरपर्यंत शाबूत राहते आणि ई-४ नसतानाही अनेकांना आजार होतो. पहिल्या प्रकारातही अपवाद आढळला आहे. कोलंबियातील एका मोठ्या कुळात चव्वेचाळिशीच्या सुमारास स्मृती ढासळू लागते. त्याच कुळातील एका स्त्रीला हा दोष असूनही सत्तरीपर्यंत लक्षणे दिसली नाहीत. तिच्या एपीओई जनुकातील एका दुर्मिळ बदलाने तिचे रक्षण केले असावे, असे संशोधकांनी २०१९ मध्ये नमूद केले.

म्हणून लक्षणे नसलेल्या निरोगी व्यक्तीने केवळ भीतीपोटी ई-४ ची तपासणी करून घ्यावी, असा सल्ला आम्ही देत नाही. त्या तपासणीतून 'होईल' किंवा 'होणार नाही' असे उत्तर मिळत नाही. घरात अनेकांना तरुण वयात आजार झाला असल्यास मात्र प्रथम आनुवंशिकता-समुपदेशन घ्यावे. अमायलॉइड कमी करणारी नवी औषधे देण्यापूर्वीही ही तपासणी उपयुक्त ठरते, कारण ई-४ च्या दोन प्रती असणाऱ्यांमध्ये मेंदूत सूज व रक्तस्राव होण्याचा धोका अधिक असतो.

जनुके बदलता येत नाहीत. परंतु बरेच काही आपल्या हाती आहे. 'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता येण्याजोग्या किंवा लांबविता येण्याजोग्या कारणांशी निगडित आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, ऐकू कमी येणे, अपुरे शिक्षण आणि एकाकीपणा ही त्यांतील काही होत. ज्येष्ठांचा रक्तदाब मोजणे आणि त्यांना वेळीच श्रवणयंत्र मिळवून देणे ही साधी कामेही स्मृतिरक्षणाचीच कामे आहेत, आणि देणगीदारांचे साहाय्य अशाच कामी सार्थकी लागते.

आई-वडिलांचा विसर हा कुटुंबाचा कलंक नव्हे आणि अपत्यांचे विधिलिखितही नव्हे. लक्षणे दिसताच रुग्णास तपासणीसाठी आणावे, अशी सर्व कुटुंबीयांना आमची कळकळीची विनंती आहे.